हयातीच्या दाखल्याच्या नावाने आलेला फोन: वडिलांची फसवणूक झाली आहे, आता काय करावे?

कृष्णाकाठ

नमस्कार. माझे वडील कराडजवळच्या एका अनुदानित माध्यमिक शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाले. ते आणि आई गावी राहतात आणि मी नोकरीमुळे पुण्यात असते. निवृत्तिवेतनधारकांसाठी नोव्हेंबर हा हयातीच्या दाखल्याचा महिना असतो. अण्णा दरवर्षी बँकेत जाऊन कोषागाराकडून आलेल्या यादीत आपल्या नावापुढे सही करून येतात. यंदा ते सही करायला जाण्याआधीच, मंगळवारी सकाळी अकराच्या सुमारास, त्यांना एक फोन आला.

बोलणारा माणूस शुद्ध मराठीत आणि अतिशय आदराने बोलत होता. त्याने अण्णांना ‘सर’ म्हणून हाक मारली. त्यांचा पीपीओ क्रमांक (निवृत्तिवेतनाच्या आदेशाचा क्रमांक), निवृत्तीचा महिना आणि गावाचे नाव त्याने स्वतःहून सांगितले. कोषागाराच्या यादीत तुमचे नाव आलेले नाही, त्यामुळे आजच्या आज ऑनलाइन दाखला भरला नाही तर पुढचे निवृत्तिवेतन थांबेल, असे तो म्हणाला. मग व्हॉट्सॲपवर ‘जीवनप्रमाण’ (हयातीच्या ऑनलाइन दाखल्याचे नाव) या नावाची एक फाइल आली. ती उघडल्यावर फोनमध्ये एक ॲप बसले, त्यात एक अर्ज दिसला आणि शेवटी दहा रुपये शुल्क भरण्यासाठी डेबिट कार्डाची सगळी माहिती पिनसह मागितली गेली. हे सगळे जवळजवळ चाळीस मिनिटे चालले होते. मध्ये आई जेवायला बोलवायला आली, तेव्हा तो माणूस म्हणाला, “सर, घरच्यांना नंतर सांगा, आधी आपण हे काम पूर्ण करू.” त्यानंतर खात्यातून आधी २४,९०० आणि मग २३,६०० रुपये गेले.

अण्णांनी हे कोणालाच सांगितले नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी नेहमीप्रमाणे फोन केला, तेव्हा त्यांचा आवाज ऐकूनच मला शंका आली. मग मी ऑनलाइन फसवणुकीच्या तक्रारींसाठी असलेल्या १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर तक्रार नोंदवली, पण तोपर्यंत तीस तास उलटून गेले होते.

माझे तीन प्रश्न आहेत. पैसे परत मिळण्याची काही शक्यता आहे का? असा फोन खोटा आहे हे वेळीच कसे ओळखायचे? आणि तिसरा प्रश्न मला सर्वांत जास्त छळतो आहे. ज्या माणसाने गावातल्या शेकडो लोकांचे सरकारी अर्ज स्वतःच्या हाताने भरून दिले, तो आता “मला काही कळत नाही, फोन घेऊन जा” असे म्हणतो आहे. त्यांच्याशी या विषयावर कसे बोलावे?

जुना रोखपाल

मी चौतीस वर्षे बँकेत काढली आणि शेवटची काही वर्षे तक्रारींच्या टेबलावर होतो. आपला प्रश्न वाचून वाईट वाटले. जे आधी करायचे ते आधी सांगतो.

ते ॲप अजूनही फोनमध्ये असेल तर फोनचे इंटरनेट आत्ताच बंद करा. बहुतेक वेळा अशा ॲपला उघडताना संदेश वाचण्याची परवानगी दिली जाते आणि त्यानंतर येणारा प्रत्येक ओटीपी परस्पर त्या लोकांकडे पोहोचतो. म्हणूनच अण्णांनी कोणालाही ओटीपी सांगितला नसेल तरीही पैसे गेले असणार. हवे ते फोटो आणि क्रमांक दुसरीकडे उतरवून घेऊन फोन पूर्ण रीसेट करावा. त्याआधी त्या माणसाचा क्रमांक, व्हॉट्सॲपवरील संभाषण आणि बँकेचे संदेश यांचे स्क्रीनशॉट मात्र न विसरता घेऊन ठेवावेत, कारण तपासात तोच पुरावा असतो. कॉल फॉरवर्डिंग, म्हणजे आपले फोन दुसऱ्या क्रमांकावर वळवण्याची सोय, कोणी चालू करून ठेवलेले नाही ना, हे सेटिंगमध्ये पाहावे. बँकेत जाऊन जुने कार्ड बंद करून नवे मागवावे, आणि नेट बँकिंग असेल तर त्याचा पासवर्ड दुसऱ्या फोनवरून बदलावा.

आता पैशांविषयी. १९३० वर नोंद झाली की ती माहिती आपल्या बँकेकडे आणि पैसे ज्या खात्यात गेले त्या बँकेकडे जाते आणि तेथे शिल्लक असलेली रक्कम रोखून धरली जाते. हे चोर स्वतःच्या खात्यात कधीच पैसे घेत नाहीत. गरजू किंवा भोळ्या माणसांची खाती थोड्या पैशांच्या बदल्यात भाड्याने घेतलेली असतात. रक्कम एका खात्यातून चार खात्यांत आणि तेथून आणखी पुढे फिरवून शेवटी एटीएममधून काढली जाते. त्यामुळे पहिल्या एकदोन तासांत आलेली तक्रार आणि तीस तासांनी आलेली तक्रार यांत फार मोठा फरक पडतो. तरीही आशा सोडू नका, कारण एखाद्या टप्प्यावर रक्कम अडकलेली असू शकते. तशी ती सापडली तर न्यायालयाच्या आदेशाने परत मिळते. १९३० वर मिळालेला तक्रार क्रमांक जपून ठेवा, राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर पूर्ण तक्रार भरली गेली आहे याची खात्री करा आणि तिची प्रत घेऊन जवळच्या पोलीस ठाण्यात जा.

बँकेकडे वेगळा लेखी अर्ज द्यावा आणि त्यावर पोहोच घ्यावी. रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ रोजी काढलेल्या परिपत्रकानुसार, चूक ग्राहकाचीही नाही आणि बँकेचीही नाही, अशा अनधिकृत व्यवहाराची सूचना तीन कामकाजाच्या दिवसांत दिली तर ग्राहकावर काहीही बोजा येत नाही. पण ग्राहकाने स्वतः पिन किंवा पासवर्ड दिला असेल तर बँकेला कळवण्याच्या क्षणापर्यंतचे नुकसान ग्राहकाचे धरले जाते आणि त्यानंतरचे बँकेचे. आपल्या प्रकरणात कार्डाचा पिन अर्जात भरलेला असल्यामुळे बँक याच मुद्द्यावर बोट ठेवेल, हे मी आपल्यापासून लपवत नाही. मात्र ग्राहकाचा निष्काळजीपणा सिद्ध करण्याची जबाबदारी बँकेवर असते, म्हणून अर्ज करण्याआधीच हार मानू नये. बँकेने तीस दिवसांत उत्तर दिले नाही किंवा दिलेले उत्तर पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क तक्रार करता येते.

आता ओळखण्याविषयी. लोक मला नेहमी विचारतात की खोट्या फोनची यादी द्या. मी यादी देत नाही, कारण गोष्ट दर सहा महिन्यांनी बदलते. कधी केवायसी असते, कधी वीजबिल, कधी गॅस जोडणी, कधी वाहनाचे चलन, तर कधी लग्नाची पत्रिका. गोष्टीच्या खालची चौकट मात्र तीच राहते. आपल्याला ठाऊक असलेली एखादी वस्तुस्थिती सांगून विश्वास मिळवायचा, आजची मुदत घालायची आणि फोन चालू ठेवायला लावून घरातल्या माणसांपासून तोडायचे. आपण लिहिलेले ‘घरच्यांना नंतर सांगा’ हे वाक्य वाचून मी थांबलो. पीपीओ क्रमांक त्याला ठाऊक होता, याने काहीच सिद्ध होत नाही. आपल्या कागदांच्या झेरॉक्स किती ठिकाणी पडलेल्या असतात, याचा हिशेब कोणाकडेच नसतो. कोणतेही खरे कार्यालय मात्र आपल्या पत्नीला किंवा मुलीला सांगू नका, असे कधीच म्हणत नाही.

जीवनप्रमाण हा दाखला निवृत्तिवेतनधारक स्वतः तयार करतो, अंगठ्याचा ठसा देऊन किंवा चेहऱ्याच्या पडताळणीने. तो कोषागारातून फोनवर भरून घेतला जाऊ शकत नाही आणि त्याचे ॲप व्हॉट्सॲपवरून येत नाही.

येऊरची वाट

मी ठाण्याची आहे. वरच्या प्रतिसादातील ‘घरातल्या माणसांपासून तोडायचे’ हे शब्द आमच्या घरात अक्षरशः घडले आहेत, म्हणून सविस्तर लिहिते.

माझ्या सासूबाई एकाहत्तर वर्षांच्या आहेत. त्यांना आलेला पहिला फोन कुरियर कंपनीच्या नावाने होता. तुमच्या आधार क्रमांकावर परदेशी पाठवलेल्या पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडले आहेत, असे सांगून तो फोन ‘पोलिसांकडे’ जोडून दिला गेला. मग व्हिडिओ कॉल सुरू झाला. समोर गणवेशातला माणूस, मागे बोधचिन्ह, टेबलावर फाइली, बाजूला वायरलेसचा आवाज. “तुम्हाला डिजिटल अटक झाली आहे, कॅमेऱ्यासमोरून हलायचे नाही, कोणाशी बोललात तर त्यांनाही आरोपी करू,” असे त्यांना बजावले गेले. आम्ही दोघे कामावर होतो. सासूबाई साडेचार तास फोनसमोर बसून होत्या आणि स्वयंपाकघरात पाणी प्यायला जातानाही परवानगी मागत होत्या. हे मला अजून लिहवत नाही.

नंतर त्यांना सांगण्यात आले की तुमच्या सर्व ठेवी तपासणीसाठी रिझर्व्ह बँकेच्या खात्यात भरा, निर्दोष ठरल्यावर दोन दिवसांत परत मिळतील. त्या बँकेत मुदत ठेव मोडायला गेल्या. ठेव का मोडता असे विचारले तर घराच्या दुरुस्तीसाठी असे उत्तर द्यायचे, हेही त्यांना पढवून ठेवले होते. खिडकीवरच्या तरुण मुलीला त्यांचे थरथरणारे हात दिसले आणि पर्समध्ये चालू ठेवलेला फोनही दिसला. तिने अर्ज घेतला, प्रिंटर बंद आहे असे सांगून त्यांना आत बसवले, पाणी दिले आणि खात्यावर नोंदवलेल्या वारसाच्या, म्हणजे माझ्या नवऱ्याच्या, क्रमांकावर फोन केला. एक रुपयाही गेला नाही. त्या मुलीचे उपकार आम्ही जन्मभर विसरणार नाही.

आपल्या कायद्यात डिजिटल अटक असा प्रकारच नाही. पंतप्रधानांनीही २७ ऑक्टोबर २०२४ च्या ‘मन की बात’मध्ये हे स्पष्ट सांगितले होते. व्हिडिओ कॉलवर कोणालाही अटक करता येत नाही, आणि रिझर्व्ह बँक सर्वसामान्य माणसाचे पैसे ‘तपासणीसाठी’ कोणत्याही खात्यात घेत नाही. हे सासूबाईंना आधी ठाऊक होते. त्यांनी बातम्यांमध्ये ते पाहिलेही होते. पण भीतीच्या त्या तासांमध्ये ठाऊक असलेले काहीच आठवत नाही, आणि म्हणून नुसती माहिती देऊन भागत नाही, असे माझे मत झाले आहे.

तुमच्या तिसऱ्या प्रश्नाला माझ्याजवळ अनुभवाचे उत्तर आहे. आम्ही पहिल्या आठवड्यात एक चूक केली. प्रत्येक पाहुण्यासमोर तीच हकिकत सांगितली आणि सासूबाई दर वेळी खाली मान घालून बसत राहिल्या. पुढे त्यांनी फोन उचलणेच सोडून दिले. शेवटी माझ्या नवऱ्याने त्यांना सांगितले, “आई, तुझ्यासमोर चार माणसे नाटक करायला बसली होती, आणि तू एकटी होतीस.” त्यानंतर आम्ही घरात एक नियम केला आणि तो सर्वांना सारखाच लागू ठेवला. पैशांविषयी कोणाचाही फोन आला तर “मुलाशी बोलून सांगते” एवढे म्हणून फोन ठेवायचा. मला असा फोन आला तर मीही “सासूबाईंशी बोलून सांगते” असेच म्हणते, आणि खरोखर त्यांना विचारते. नियम फक्त त्यांच्यासाठी केला असता तर तो त्यांना शिक्षा वाटला असता.

मोकळी ओसरी

मला वाटते, ज्येष्ठांना स्मार्टफोनची गरजच नाही. साधा बटणांचा फोन द्यावा आणि बँकेची सर्व कामे मुलांनी करावीत. आमच्या घरी आम्ही हेच केले आहे.

कृष्णाकाठ

आपला हेतू मी समजू शकते, पण अण्णांना हे करवणार नाही. ते नातीशी रोज व्हिडिओवर बोलतात, पहाटे फोनवर ज्ञानेश्वरीचे निरूपण ऐकतात आणि दुधाचे पैसे यूपीआयने देतात. फोन काढून घेतला तर त्यांच्या हातून पैसे जाणार नाहीत, हे खरे आहे. पण त्यांचा दिवसही जाईल.

जुना रोखपाल

मीही कृष्णाकाठ यांच्या बाजूने आहे. शिवाय साध्या फोनवरही ओटीपी सांगितला जातो आणि डिजिटल अटकेची धमकी साध्या फोनवरही देता येते. फोन काढून घेण्यापेक्षा पैशांची रचना बदलावी.

निवृत्तिवेतन ज्या खात्यात येते, त्या खात्याला यूपीआय जोडू नये. दुसरे एक छोटे खाते काढून त्यात दर महिन्याला घरखर्चापुरते पाच-सात हजार वळवावेत आणि यूपीआय फक्त त्यालाच जोडावे. चूक झालीच तर तेवढ्यावरच निभावते. मुख्य खात्याच्या डेबिट कार्डावरचे ऑनलाइन व्यवहार बंद करून घ्यावेत. रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमांमुळे प्रत्येक कार्डधारकाला ही सोय चालू किंवा बंद करण्याचा आणि स्वतःची मर्यादा ठरवण्याचा अधिकार मिळाला आहे. हा पर्याय बंद असता तर अण्णांच्या कार्डाची माहिती आणि ओटीपी दोन्ही चोरांच्या हाती लागूनही ऑनलाइन व्यवहार झाला नसता. नोंदवलेल्या मोबाइल क्रमांकाशिवाय आपला ईमेलही खात्याला जोडून घ्या, म्हणजे व्यवहाराची सूचना आपल्यालाही त्याच वेळी मिळेल.

यूपीआयविषयी एवढेच सांगावे की पिन फक्त पैसे देण्यासाठी लागतो. पैसे मिळवण्यासाठी पिन टाकायला सांगणारा माणूस खोटे बोलतो आहे, मग तो क्यूआर कोड पाठवो की आणखी काही.

हिशेबवही

फोनबद्दल पुष्कळ लिहून झाले आहे. मी करसल्लागार आहे आणि माझ्याकडे येणारे लोक जास्त करून ईमेलमध्ये फसतात, म्हणून त्याबद्दल थोडे लिहितो. आपल्या वडिलांचे आयकर विवरणपत्र भरले जात असेल तर त्यांनाही हे उपयोगी पडेल.

विवरणपत्र भरण्याचा हंगाम संपला की ‘आपला परतावा मंजूर झाला आहे, खाते पडताळण्यासाठी येथे क्लिक करा’ असे मेल सुरू होतात. परतावा फक्त आयकर विभागाच्या पोर्टलवर आधीच पडताळलेल्या खात्यातच जमा होतो आणि त्यासाठी मेलमधून कार्डाचा क्रमांक किंवा पिन मागितला जात नाही. आयकर विभागाच्या पत्रव्यवहारावर १ ऑक्टोबर २०१९ पासून एक ओळख क्रमांक असतो आणि तो खरा आहे की नाही, हे पोर्टलवर तपासता येते. मात्र पोर्टल मेलमधील दुव्यावरून उघडू नये. पत्ता स्वतः टाइप करावा.

मेलचा किंवा संकेतस्थळाचा पत्ता मी लोकांना उजवीकडून वाचायला शिकवतो, आणि या एका सवयीने बरेच काम होते. पहिल्या एकट्या तिरक्या रेषेच्या आधीचा भाग घ्यावा आणि त्याच्या उजव्या टोकापासून मागे यावे. तेथे ‘गव्ह डॉट इन’ असेल तरच तो सरकारी पत्ता. ‘इन्कमटॅक्स’ हा शब्द सुरुवातीला असून शेवटी भलतेच काही असेल, तर सुरुवातीच्या शब्दाला काही अर्थ नाही. तो कोणालाही लिहिता येतो. बँकांसाठी रिझर्व्ह बँकेने आता ‘डॉट बँक डॉट इन’ हा स्वतंत्र शेवट ठरवला आहे आणि बँकांना त्यावर जाण्यासाठी ३१ ऑक्टोबर २०२५ ही मुदत दिली होती. त्याचप्रमाणे बँकांनी सेवेचे फोन १६०० ने सुरू होणाऱ्या क्रमांकांवरून करावेत, असेही जानेवारी २०२५ मध्ये सांगितले गेले. पण एवढ्यावर विसंबू नये. फोनवर दिसणारे नाव तर मुळीच पुरावा नाही, कारण कॉलरचे नाव दाखवणाऱ्या ॲपमध्ये ती नावे बहुधा वापरणाऱ्यांनीच भरलेली असतात आणि ‘कोषागार कार्यालय’ हे नाव कोणीही लावून घेऊ शकतो. खात्री करायची असेल तर फोन ठेवून पासबुकावर छापलेल्या क्रमांकावर आपण स्वतः फोन करावा.

आणखी एक धोका तुमच्यासाठी विशेष सांगतो, कारण तो आता तुमच्या दारात येण्याची शक्यता आहे. एकदा फसलेल्या माणसांची नावे पुढे विकली जातात. काही आठवड्यांनी ‘सायबर सेलमधून बोलतो, तुमचे पैसे सापडले आहेत, सोडवून घेण्यासाठी प्रक्रिया शुल्क भरा’ असा फोन किंवा मेल येतो. गेलेले पैसे परत मिळतील या आशेने माणसे दुसऱ्यांदा पैसे भरतात, आणि दुसरी रक्कम कित्येकदा पहिलीपेक्षा मोठी असते. पोलीस किंवा बँक पैसे परत करण्यासाठी शुल्क घेत नाहीत, हे अण्णांना आजच सांगा.

कृष्णाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. शनिवारी मी गावी जाऊन आले, तेथे काय झाले ते येथे नोंदवते.

फोन रीसेट केला, कार्ड बदलले, बँकेत लेखी अर्ज दिला आणि पोहोच घेतली. व्यवस्थापकांनी सांगितले की दुसऱ्या व्यवहारातील ११,२०० रुपये परराज्यातील एका खात्यात रोखलेले दिसत आहेत. ते परत मिळवण्यासाठी न्यायालयात अर्ज करावा लागेल आणि त्याची तयारी पोलीस ठाण्याच्या सल्ल्याने आम्ही सुरू केली आहे. उरलेल्या रकमेचा पत्ता नाही.

यूपीआयसाठी दुसरे खाते काढण्याचा अर्ज अण्णांनी स्वतः भरला. येऊरची वाट यांनी सांगितलेला नियम मी घरात सर्वांसाठी मांडला आणि सुरुवात माझ्यापासून केली. मागच्या वर्षी नोकरीच्या नावाने आलेल्या एका मेलला मी आठशे रुपये ‘नोंदणी शुल्क’ भरले होते आणि ते मी कोणालाही सांगितले नव्हते. ते मी अण्णांना पहिल्यांदा सांगितले. त्यांनी बराच वेळ माझ्याकडे पाहिले आणि विचारले, “मग तू १९३० ला फोन केला होतास का?” मी नाही म्हणाले. त्यावर ते मुख्याध्यापकाच्या आवाजात म्हणाले, “करायला हवा होता.”

रविवारी सकाळी ते हयातीच्या दाखल्याची सही बाकी असलेल्या त्यांच्या दोन निवृत्त सहकाऱ्यांकडे गेले. सोमवारी तिघे मिळून बँकेत जाणार आहेत. त्या दोघांना फोनची हकिकत सांगणार का, असे मी विचारले नाही. निघताना त्यांनी वहीच्या एका पानावर १९३० हा आकडा मोठ्या अक्षरात लिहून, त्याची घडी घालून ते पान सदऱ्याच्या खिशात ठेवलेले मी पाहिले.